निरीक्षणाचा रकाना

व्हरमाँट
१२ सप्टेंबर २००३

श्रीरामकाका, नमस्कार.

मी आसावरी देवपुजारी. नावावरून आठवणार नाही, म्हणून खूण सांगते. नागपूरला जिऑलॉजी डिपार्टमेंटच्या जिन्यात जिच्या हातून दगडांच्या स्लाइड्सचा अख्खा ट्रे पडला होता आणि जी भोकाड पसरून रडली होती, ती मी. तुम्ही तेव्हा म्हणालात, "काच फुटली ना? डोंगर काही संपला नाही. पुन्हा कापू." आठवली का?

आपल्या डिपार्टमेंटच्या शैलजा मॅडमनी कळवलं की तुम्ही रिटायर होऊन मुलाकडे, इथे अमेरिकेत पार्सिपनीला आलात. मी लगेच फोन केला. तुमची नात इशिता म्हणाली, "आजोबा कान्ट हिअर ऑन द फोन. यू शुड राइट." दगड कापायच्या त्या करवतीपाशी एवढी वर्षं उभं राहून कान गेले ना तुमचे? आम्ही पोरं कानात बोटं घालून पळायचो, तुम्ही मात्र तिथेच असायचात. म्हणून हे पत्र.

काका, काम आहे. मी इथे पीएचडी करतेय. रूपांतरित खडकांत गारगोटीच्या शिरा असतात ना, त्या गारगोटीत पाण्याचे आणि वायूचे थेंब अडकलेले असतात. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक! अडतीस कोटी वर्षांपूर्वी हा खडक वीसेक किलोमीटर खोल होता, तेव्हाचं ते पाणी. प्रत्येक थेंबात एक बुडबुडा असतो. मायक्रोस्कोपखाली दगडाची पातळ चकती हळूहळू तापवत नेली की एका ठरावीक तपमानाला बुडबुडा नाहीसा होतो. त्या आकड्यावरून खडक किती खोल होता, कसा वर आला, ते काढता येतं.

पण त्यासाठी चकती दोन्ही बाजूंनी आरशासारखी घासलेली लागते, आणि आमचा कापणारा माणूस जूनमध्ये रिटायर झाला. बाहेरून करून घेतल्या त्या सगळ्या एका बाजूला धुरकट. मी स्वतः केल्या, त्या मोडल्या. मार्चमध्ये माझं काम तपासणारी कमिटी बसणार आहे. तोवर ठोस काही दाखवता आलं नाही, तर मास्टर्सची डिग्री हातात देऊन घरी पाठवतील. सरळ सांगते, मला भीती वाटतेय.

तुम्ही कराल का? आणि एक : दगड काचेला चिकटवताना हॉट प्लेट अजिबात नको. दगड जास्त तापला की आतला थेंब फुगतो नाहीतर फुटतो, आणि मग त्याचा आकडा खोटा येतो.

तुमची,
आसावरी


पार्सिपनी
२६ सप्टेंबर २००३

आसावरी पोरी, आशीर्वाद.

ट्रेवाली पोट्टी न आठवायला काय झालं? एकशे बारा स्लाइड्स होत्या. पुन्हा कापू म्हणालो खरा, पण त्या कापायला मला दिवाळी उजाडली.

बरं झालं पत्र टाकलंस. इथे काय करून राहिलो विचारशील, तर काहीच नाही. रवींद्र आणि सूनबाई नंदा सकाळी ऑफिसला जातात, इशिता शाळेत. मी खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजतो. परवा तर सूनबाईंच्या डाळी आकारमानाप्रमाणे लावून ठेवल्या, तर त्या रागावल्या.

तुझं काम घेतलं. साधी स्लाइड केवढी पातळ असते तुला माहीत आहे. तुझी चकती तिच्या तिप्पट जाड. म्हणजे मांडे करणाऱ्या बाईला रोडगे कर म्हटल्यासारखंच झालं. पण दोन्ही बाजूंनी चकाकी मी कधी केलेली नाही, खोटं कशाला बोलू. पहिले दोन दगड वाया जातील असं धरून चाल.

रवींद्रने बाथरूमच्या टाइल्स कापायला एक पाण्याची करवत आणली होती, ती गॅरेजमध्ये पडून आहे. चालते झकास. त्याची गाडी आता बाहेर उभी राहते, म्हणून तोंड फुगवून आहे, पण बापाला काय बोलणार? काचेचा जाड तुकडा मिळाला. घासायला कार्बोरंडमची पूड तू पाठव. चिकटवायला थंडा गोंदच वापरीन, काढायला सूनबाईंचं नेलपॉलिश पुसायचं पाणी.

कापलेले दगड धुतल्यावर वाळवायचे कुठे हा प्रश्न होता. गॅरेज ओलं आणि थंड. मग ओव्हन सापडला. आपल्या मंडळींच्या घरात ओव्हन म्हणजे कपाटच, तुला ठाऊक असेल. कढया, तवे, आप्पेपात्र सगळं आत. जुना गॅसचा आहे, आत पायलटची ज्योत सतत जळते, त्यामुळे कोमट असतो. हात ठेवून पाहिलं, ताप आलेल्या पोराच्या अंगाएवढा. चालेल का ते कळव.

नोंदवही सुरू केली आहे, आपल्या डिपार्टमेंटसारखीच. क्रमांक, दगड, कसा केला, आणि शेवटचा रकाना निरीक्षणाचा. तो मी नेहमी कोरा ठेवत आलो. स्लाइड वर, मायक्रोस्कोपच्या खोलीत गेली की सर लोक भरायचे. वर काय दिसायचं ते वरच्यांना ठाऊक.

दगड पाठव.

श्रीरामकाका


व्हरमाँट
२३ ऑक्टोबर २००३

काका!

पहिल्या सहा चकत्या मिळाल्या. काय सांगू! माझे गाइड डॉ. व्हिटकॉम्ब त्या उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी निरखत राहिले. मग म्हणाले, "हू इज दिस मॅन?" मी म्हटलं, माझे काका आहेत. खोटं बोलले का? नाही ना?

थेंब इतके स्वच्छ दिसतात की मला लॅबमध्ये ओरडावंसं वाटलं. सहाही चकत्यांत बुडबुडे एकशे ऐंशीच्या आसपास नाहीसे होतात. सेल्सिअसमध्ये हं. सगळ्यांचा आकडा जुळतो, म्हणजे थेंब धडधाकट आहेत. आता कंटाळवाणी गोष्ट. हा आकडा या भागात सगळ्यांना येतो. खडक हळूहळू वर आला, हळूहळू थंड झाला. कमिटी विचारणार, नवीन काय?

म्हणून आणखी दगड पाठवतेय. सातपासून बारापर्यंत नंबर टाका. थँक्सगिव्हिंगनंतर लगेच मिळाल्या तर देव पावला. ओव्हन कोमट असेल तर बिनधास्त वाळवा.

रवींद्रदादांना माझ्यातर्फे सॉरी म्हणा. बर्फ पडला की गाडी खरवडताना ते मला शिव्या घालणार आहेत.

आसावरी


पार्सिपनी
३ डिसेंबर २००३

आसावरी,

सात ते बारा पाठवत आहे. कापूस भरपूर घातला आहे. घासकाम चांगलं झालं आहे, बघशीलच.

इकडे थंडी फार. थँक्सगिव्हिंगला सुट्टी होती. घरात जरा गडबड होती. माझी तब्येत बरी आहे. तुझं जे काय निघेल ते चांगलंच निघेल.

श्रीरामकाका


व्हरमाँट
९ फेब्रुवारी २००४

काका, काका, काका!

बसला आहात ना? बसा. तुमच्या सात ते बारा चकत्यांनी कमाल केली. अर्धेअधिक मोठे थेंब फुटलेले! आत काही नाही, भोवती बारीक चिरांची झालर. आणि जे शाबूत आहेत त्यांचे बुडबुडे एकशे ऐंशीला नाहीसे होतच नाहीत. दोनशे वीस, दोनशे तीस. जवळजवळ सगळे तिथेच.

याचा अर्थ समजतोय का? खडक गरम होता तेव्हाच तो झटक्यात वर उचलला गेला. बाहेरचा दाब एकदम कमी झाला आणि आतले थेंब फुगले, फुटले. म्हणजे इथला डोंगर लोक समजतात तसा रेंगाळत वर आलेला नाहीच. डॉ. व्हिटकॉम्ब एकदम खूष. मार्चच्या शेवटी इथल्या भूशास्त्राच्या परिषदेत मी हे मांडणार आहे, आणि दोन दिवस आधी कमिटी. ते म्हणाले, आता कमिटीची काळजी करू नकोस.

चार महिन्यांनी पहिल्यांदा नीट जेवले. वरणभात केला, वर तूप घातलं आणि एकटीच हसत बसले. आभाराच्या पानावर तुमचं नाव सगळ्यात वर असणार, आईबाबांच्याही वर. ते रुसले तर रुसले.

पण तुमची पत्रं का आटली? जानेवारीत दोन पाठवली, उत्तर नाही. आजारी तर नाही ना? इशिताला विचारलं तर ती म्हणाली, "ही इज फाइन, जस्ट क्वाएट."

आसावरी


पार्सिपनी
१६ फेब्रुवारी २००४

आसावरी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता लिहितो ते पुन्हा वाचणार नाही, सरळ पाकिटात घालीन.

तुझा डोंगर झटक्यात वर आलेला नाही. तो आमच्या ओव्हनमध्ये तापला.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी रवींद्र आणि नंदा आयसेलिनच्या देशी दुकानांत खरेदीला गेले होते. मी गॅरेजमध्ये घासत बसलो होतो. इशिताची मैत्रीण आली होती, पोरींनी पिझ्झा करायला घेतला. आपल्या घरातल्या पोरांना सवय असते, आधी कढया काढायच्या मग ओव्हन लावायचा. तिने सगळं काढलं. अगदी मागे, खालच्या जाळीवर, डब्याच्या झाकणात तुझ्या सहा दगडांचे कापलेले तुकडे वाळत होते, ते तिला दिसले नाहीत. मी घरात आलो तर पोरी पिझ्झा खाऊन राहिल्या होत्या. झाकणाला हात लावला तर चटका बसला. कान धड असते तर गॅस पेटल्याचं कळलं असतं, टायमरची घंटी ऐकू आली असती. असो, कानांवर कशाला ढकलू.

तुकडे जसेच्या तसे दिसत होते. ना तडा, ना डाग. मी मनाला म्हटलं, अडतीस कोटी वर्षं जे खोल भट्टीत राहिलं, त्याचं पिझ्झ्याने काय वाकडं होणार? घासले आणि पाठवले. पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण हे की तुझ्या गाइडने "हा माणूस कोण?" विचारलं होतं. ती ओळ मी रवींद्रला वाचून दाखवली, नंदाला दाखवली, समोरच्या गुजराती काकांनाही दाखवली. एकतीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने कळवू की दगड भाजले?

नोंदवहीत सात ते बारापुढे "वाळवले" एवढंच लिहिलं. एकतीस वर्षांत पहिली खोटी नोंद. तेव्हापासून वही उघडवत नव्हती. पत्रांना उत्तर कुठून देणार?

परवा तुझं पत्र आलं. दोनशे तीस वाचलं आणि इशिताला विचारलं, बेटा, त्या दिवशी किती डिग्री लावलं होतं? म्हणाली फोर-फिफ्टी. इथले आकडे फॅरनहाइटचे. तिला म्हटलं, सेल्सिअस करून दे. तिने कागदावर करून दिलं. दोनशे बत्तीस.

वेळही विचारली. ओव्हन गरम व्हायला पंधरा मिनिटं आणि पिझ्झ्याची बारा. हे आता वहीत लिहिलं आहे, तारीख घालून, त्या खोट्या नोंदीच्या खालीच. ती खोडली नाही. राहू दे.

तुझी मार्चची कमिटी मला पाठ आहे. गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं, हेही कळतं. पण तू लोकांपुढे उभी राहून सांगणार की डोंगर असा वर आला, आणि मी इथे खिडकीत बसून जाणणार की नाही आला. ते जमणार नाही पोरी. इशिताला बोल लावू नको, चूक सगळी माझी. मला माफ कर असं म्हणायचा अधिकार उरला नाही, पण म्हणतो.

श्रीरामकाका

(खाली इशिताच्या अक्षरात, वाकड्यातिकड्या देवनागरीत :)
आसावरी ताई, मी खूप सॉरी आहे. मला माहीत नव्हता तिथे रॉक होते. पिझ्झा पण चांगला नव्हता झाला.


पार्सिपनी
२२ मार्च २००४

आसावरी,

महिना होऊन गेला, पत्र नाही. रागावणं रास्तच आहे. उत्तर दे म्हणून लिहीत नाही. परवा तुझी कमिटी, एवढंच लक्षात आहे म्हणून लिहितो. गॅरेज आवरलं, रवींद्रची गाडी आत आली.

काका


व्हरमाँट
४ एप्रिल २००४

श्रीरामकाका,

रागावले होते. इतकी की तुमचं पत्र टेबलाच्या खणात टाकून खण ढकलला आणि दोन दिवस लॅबला गेलेच नाही. पहिला दिवस तुमच्यावर रागावले. तुमच्यावर, इशितावर, पिझ्झ्यावर, ओव्हनमध्ये कढया ठेवणाऱ्या समस्त देशी लोकांवर. माझ्याही ओव्हनमध्ये दोन कढया आहेत, त्या काढून जमिनीवर आपटल्या. खालच्या मजल्यावरची बाई वर आली.

दुसऱ्या दिवशी मात्र राग दुसरीकडे वळला, आणि तेच कळवायला इतका उशीर झाला. तुम्ही सगळं लिहिलंत, आता मी लिहिते.

काका, नऊ नंबरचा दगड आणि पहिल्या खेपेतला तीन नंबरचा, हे एकाच धोंड्याचे दोन अर्धे तुकडे आहेत. मीच हातोड्याने फोडला होता. तीन नंबरात एकही थेंब फुटलेला नाही आणि सगळे आकडे एकशे ऐंशी. नऊ नंबरात दोनशे तीस. एकाच धोंड्याचा एक अर्धा झटक्यात वर आला आणि दुसरा सावकाश, असं कधी होईल का? फर्स्ट इयरच्या पोरालाही कळलं असतं. मला जानेवारीतच दिसलं होतं. मी तीन नंबरची चकती डबीत घातली, डबी कपाटाच्या मागच्या खणात ठेवली आणि डॉ. व्हिटकॉम्बना दाखवलीच नाही. तुम्ही एक नोंद खोटी केलीत. मी अख्खा डोंगर खोटा केला, तोही डोळे उघडे ठेवून. तुमचं पत्र आलं नसतं तर परिषदेत उभी राहून घडाघडा बोलले असते.

परिषदेतून नाव मागे घेतलं. डॉ. व्हिटकॉम्बना सगळं सांगितलं, माझ्या डबीसकट. डबीचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. पिझ्झ्याचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती मिनिटं?" मी म्हटलं, सत्तावीस, लिहून ठेवलंय. कमिटीपुढे मीच उभी राहिले आणि म्हटलं, माझ्याकडे नवीन काही नाही. डोंगर हळूच वर आला. या सहा चकत्या भाजलेल्या आहेत, इतक्या तपमानाला, इतकी मिनिटं. बाहेर अर्धा तास बसवून ठेवलं मला.

घरी पाठवत नाहीयेत. ऑगस्टपर्यंत मुदत दिलीय. त्याच धोंड्यांचे उरलेले भाग पुन्हा कापायचे आणि सगळं नव्याने मोजायचं. भाजलेल्या सहा चकत्या वेगळ्या ठेवून माणसाच्या हातून फुटलेला थेंब कसा दिसतो हेही लिहायचं.

पुन्हा कोण कापणार? गॅरेज आवरलंत त्याबद्दल मी रागावलेच आहे. पण या वेळी गॅरेज नको. तुम्हीच इकडे या. इथे चांगली करवत आहे, वाळवायला पंखा आहे, आणि लॅबमध्ये ओव्हन नाही. शाळेला सुट्टी लागली की रवींद्रदादांना म्हणावं, इशितालाही घेऊन या.

काच फुटली काका. डोंगर काही संपला नाही.

तुमची आसावरी


पार्सिपनी
११ जुलै २००४

आसावरी पोरी, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. रवींद्रने सहा तास गाडी चालवली आणि सबंध वाटेत इशिता बोलत होती. मला थोडंसंच ऐकू आलं, पण हसू येत होतं. तुझ्या करवतीचं पातं जरा डावीकडे ओढतं, ते बदलून घे. तेरा ते अठरा चकत्या घडीच्या रुमालात गुंडाळून दिल्या आहेत, रुमाल परत नको.

त्या दिवशी लॅबमध्ये तू मायक्रोस्कोपपुढची खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "काका, बसा ना." मी उभाच राहिलो, तुला वाटलं गुडघे दुखतात. गुडघे नव्हते दुखत. एकतीस वर्षं मी स्लाइड करून वर पाठवल्या, दहा हजार तरी असतील. त्या खुर्चीवर कधी बसलो नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, उगाच कुणाला नावं ठेवणार नाही. पण बस म्हणूनही कुणी म्हटलं नाही.

शेवटी बसलो. आधी नुसता उजेड दिसला. मग तू बटण फिरवलंस आणि तो थेंब आला. आणि त्यात तो इवलासा बुडबुडा, नुसता इकडून तिकडे. स्वस्थ म्हणून नाही. मला वाटलं माझा श्वास लागून हलतोय, म्हणून श्वास रोखून धरला. तरी हलतच होता. तू काहीतरी बोलत होतीस, मला ऐकू आलं नाही. मागे वळून पाहिलं नाही कारण डोळे भरले होते, आणि तुझ्या यंत्रावर पाणी पडलं तर काय घ्या.

रवींद्रलाही दाखवलंस ते फार बरं केलंस. परतताना गाडीत तो मला म्हणाला, बाबा, तुम्ही हे करायचात होय? चाळिशी गाठली पोराने, आणि आत्ता त्याला कळलं मी काय करत होतो. गॅरेज पुन्हा माझं झालं आहे. गाडी बाहेर.

काल वही काढली. क्रमांक तेरा. दगड, व्हरमाँटची गारगोटी. कसा केला, थंड गोंदाने, पंख्याखाली वाळवला, कुठेही तापवला नाही. मग शेवटचा रकाना आला. सवयीने कोराच सोडून पुढच्या ओळीवर गेलो होतो. मग मागे आलो. निरीक्षण : थेंबात बुडबुडा आहे. हलतो.

सर लोक त्या रकान्यात खाली सही करत. मीही केली.

श्रीरामकाका